आडवारच्या मेणबत्त्या

डिसेंबरची ड्यूटी आमच्याकडे ऑक्टोबरातच लागते. तक्ता भिंतीवर आला की सगळ्या जणी आधी एकच रकाना बघतात, २४ तारखेचा. जर्मनीत नाताळ २४च्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून ती संध्याकाळ कोणाची सुटली आणि कोणाची अडकली याची चर्चा चहाच्या खोलीत आठवडाभर चालते. मी मात्र त्याआधीचे चार रविवार शोधते. ते आगमनकाळाचे रविवार. घरात हिरव्या फांद्यांचं एक गोल कडं टेबलावर ठेवतात, त्यावर चार मेणबत्त्या असतात, आणि पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन अशा त्या लावत जातात. पाळीच्या नोकरीत चारही रविवार मोकळे मिळत नाहीत. दोन मिळाले तरी खूप.

बॉनमधल्या एका वृद्धनिवासात मी परिचारिका आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जीएनएम केलं, काही वर्षं नगरला काम केलं, मग भाषेची बी-टू परीक्षा आणि प्रमाणपत्रांच्या मान्यतेची लांबलचक प्रक्रिया पार करून इथं आले. नवरा आणि मुलं मागून आली. नगरला वर्कशॉपमध्ये शिकवणारा नवरा इथं पार्सलच्या गोदामात आहे. डिसेंबरात लोक एकमेकांना जे काही पाठवतात ते त्याच्या हाताखालून जातं, त्यामुळे त्याचा ओव्हरटाइम नेमका आगमनकाळातच येतो. थोरली चौदा वर्षांची, धाकटा दुसरीत.

या महिन्यात इथं साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. माझी सकाळची पाळी सहाला सुरू होते. म्हणजे जातानाही काळोख, आणि यायला बराच उशीर झाला की येतानाही काळोख. ट्रामच्या थांब्यावर उभी असताना नगरला साडेनऊ वाजून गेलेले असतात. आईचा फोन येतो तो तेव्हाच. तिची भाकरी झालेली असते, आणि माझ्या तोंडातून वाफ निघत असते. गावात म्युन्स्टर चर्चसमोरच्या चौकात नाताळचा बाजार भरतो, १८४५ सालापासून तिथं उभ्या असलेल्या बीथोव्हनच्या पुतळ्याच्या पायाशी भाजलेल्या बदामांचा आणि मसाला घातलेल्या गरम वाइनचा वास दरवळतो. पाहुणे आले की त्यांना दाखवायला ते सगळं छानच आहे. पण आमच्या घरचा डिसेंबर तिथं घडत नाही. तो स्वयंपाकघरात घडतो, चौघांपैकी कोण कधी घरी आहे हे फ्रिजवरच्या कागदावर बघून.

पहिल्या वर्षी रविवार हुकला की मला चुटपुट लागायची. मेणबत्ती लावायची राहिली म्हणजे भक्तीच राहिली, असं वाटायचं. मग आमच्या मंडळीतल्या एका आजीबाईंनी या कड्याची मूळ गोष्ट सांगितली. योहान हिनरिश विशर्न नावाच्या ईश्वरशास्त्रज्ञानं १८३३ साली हाम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला होता. ‘नाताळ कधी? अजून किती दिवस?’ असं मुलं रोज विचारून भंडावून सोडत. म्हणून १८३९ साली त्यानं एक लाकडी चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या, पांढऱ्या. आणि मधल्या वारांच्या वीस लहान, तांबड्या. रोज प्रार्थनेला एक मेणबत्ती वाढायची. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा असतो, त्यामुळे लहान मेणबत्त्यांची संख्या दर वर्षी बदलते. पुढं ही चाल घराघरांत गेली तेव्हा रविवारच्या चार तेवढ्या राहिल्या. रोजच्या गळून पडल्या. सोय म्हणून ते बरोबरच होतं, वीस-पंचवीस मेणबत्त्यांचं कडं कोणाच्या टेबलावर मावणार?

मला मात्र ते ऐकून मोकळं वाटलं. मुळातलं हे कडं आडवारांचं होतं. रविवार त्यात चार, बाकीचे सगळे सोमवार, मंगळवार, बुधवार. ज्या मुलांसाठी हे चाक टांगलं त्यांना काही सण साजरे करण्याची सवय नव्हती, त्यांना रोजची एक लहान खूण हवी होती. तेव्हापासून आमच्या घरी नियम असा, की चौघंही ज्या संध्याकाळी घरात असू त्या संध्याकाळी मेणबत्ती लावायची. मग तो गुरुवार का असेना.

वृद्धनिवासात खरी मेणबत्ती लावायची सोय नाही. आगीच्या भीतीनं तिथं बॅटरीवरच्या मेणबत्त्या असतात, ज्योत हलल्यासारखी दिसते एवढंच. एक आजी तर रोज नाक जवळ नेऊन हुंगून बघतात आणि तोंड वाकडं करतात. पण आगमनकाळ तिथं येतो तो इतर वाटांनी. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या कॉफीत एक पूड घालून ती दाट करावी लागते, नाहीतर घोट श्वासनलिकेत जातो. डिसेंबरात त्या दाट कॉफीत मी मसाल्याचं बिस्कीट भिजवून, चमच्यानं मोडून, अगदी मऊ करून देते. दालचिनी आणि लवंगेचा वास आला की चेहऱ्यावर काहीतरी हलतं. हे काम घाईनं होत नाही. एक घास, मग कंठ वर-खाली झालेला बघायचा, मग दुसरा घास. माणसं कमी आणि खोल्या जास्त असलेल्या सकाळी ही फुरसत कुठून काढायची, हा रोजचाच प्रश्न असतो.

आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. किती मिलिलिटर पाणी पोटात गेलं, कोणत्या कुशीवर किती वाजता वळवलं, टाचा लाल आहेत का, गोळी घेतली की थुंकली. आमच्या कामात म्हणच आहे, की जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तपासणीला येणारे कागद बघतातच, आणि त्यांचंही चूक नाही.

या नोंदींवर आमच्या निवासातली एक आजी फार लक्ष ठेवून असायची. बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी होतं त्या काळात ती एका मंत्रालयात टायपिस्ट होती. १९९१ साली संसदेनं बर्लिनला जायचं ठरवलं, १९९९ मध्ये सरकार गेलंही. तोवर तिची निवृत्ती झालेली होती आणि ती बॉनलाच राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलेलं. रात्री मी टॅबलेट घेऊन खोलीत शिरले की विचारायची, “सिस्टर, आज माझ्याबद्दल काय लिहिलंत?” मी वाचून दाखवायचे. पाणी अमुक, जेवण अर्धं, मनःस्थिती शांत. ती ऐकून घ्यायची, पसंत नसल्यासारखी मान हलवायची. एकदा म्हणाली, “आता मी सांगते, तुम्ही लिहा.” आणि सरळ बसून, मंत्रालयातल्या साहेबांच्या थाटात तिनं मजकूर सांगितला. “आज संध्याकाळी सिस्टरचे हात फार थंड होते स्वल्पविराम पण मला हात लावण्याआधी त्यांनी ते नळाच्या गरम पाण्याखाली धरले पूर्णविराम.”

हे लिहायला आमच्या टॅबलेटमध्ये रकाना नाही. ‘इतर निरीक्षण’ नावाची एक चौकट असते, तिथं मी लिहिलं, “रुग्ण बोलक्या, स्मृती चांगली.” पण घरी येताना ट्राममध्ये मला तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. हात गरम पाण्याखाली धरणं ही माझी सवय आहे, मिरजेच्या एका जुन्या सिस्टर-ट्यूटरनं लावलेली. ती मी करते हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्या आजीनं मात्र ते पाहिलं होतं.

कृतज्ञतेबद्दल चर्चमध्ये मी पुष्कळ ऐकलं आहे. बहुतेक वेळा ती मनात उमलणारी भावना म्हणून सांगतात, आणि मग ती उमलत नाही म्हणून माणसं खट्टू होतात. त्या आजीनं केलं ते वेगळं होतं. तिनं बघितलं, कोणी काय केलं ते नेमकं सांगितलं, आणि वाक्य पूर्ण केलं. भावना असेल-नसेल, हे काम म्हणून करता येतं.

हे मला नवीन नसावं. माझे वडील हेच करत. नगरला मिशनच्या शाळेत ते शिपाई होते. रात्री जेवणं झाली की कंदिलाभोवती, पुढं बल्बखाली, कुटुंबाची प्रार्थना व्हायची आणि वडिलांची प्रार्थना काही केल्या संपायची नाही. पाळक साहेबांची प्रार्थना व्यासपीठावरून साऱ्या जगाला कवेत घेई. वडिलांची आमच्या गल्लीच्या बाहेर फारशी जात नसे. दळण लवकर दिलं म्हणून गिरणीवाल्याचं नाव, सायकलचं पंक्चर फुकट काढून दिलं म्हणून त्या पोराचं नाव, आणि महिनाअखेरीला हमखास आमच्या किराणावाल्याचं, कारण त्यानं उधारीचं पुस्तक मिटवलेलं नसायचं. तो वाणी हिंदू, गिरणीवाला मुसलमान. वडिलांना त्यात काही वावगं वाटत नसे. परमेश्वराची दया आमच्या घरी ज्यांच्या हातांनी येत होती, त्यांची यादीच ते वाचत होते. आम्ही भावंडं तोवर एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली असायचो. सुगीनंतर चर्चमध्ये आभाराची भक्ती होई तेव्हा लोक ज्वारीची पायली, कोंबडी, पेरूची पाटी आणून वेदीपुढं ठेवत आणि मग त्यांचा लिलाव होई. आमच्याकडे शेत नव्हतं. मला आता वाटतं, वडील रोज रात्री आपली पाटी घेऊन येत होते.

आमच्या बॉनच्या स्वयंपाकघरात तीच रीत मी थोडी आखडती करून घेतली आहे. मेणबत्ती लावली की प्रत्येकानं दिवसातली एकच गोष्ट सांगायची, पण ती कोणाच्या तरी हातची असली पाहिजे. ‘सगळं छान आहे त्याबद्दल धन्यवाद देवा’ असं चालत नाही. नवरा सांगतो, गोदामात एका सहकाऱ्यानं न बोलता जड पेट्यांची बाजू स्वतःकडे घेतली. धाकटा सांगतो, बसवाल्यानं त्याला पळताना पाहून दार उघडं ठेवलं. थोरली बरेचदा सांगते, “आज काही नाही.” सुरुवातीला मी तिला टोकायचे. आता नाही टोकत. काही दिवशी खरंच काही दिसत नाही, आणि देवासमोर बनवून सांगण्यापेक्षा ते बरं. ती टेबलाशी बसलेली असते, ज्योत विझवायची पाळी आपली आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. चौदाव्या वर्षी एवढी भक्ती मी भरपूर समजते.

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं श्रद्धेच्या गोष्टी सांगायला लागलो की बहुधा बाप्तिस्म्याच्या दिवसावर येतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. तारखा आम्हाला पाठ. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या तारखांपेक्षा घर जास्त भेटतं. न सांगता येणारे पाहुणे, आपली आणि परकी मुलं, हातात न टिकणारे पैसे, टिळकांचे लहरी बेत आणि ते निस्तरताना लक्ष्मीबाईंची होणारी तारांबळ. त्या बाईची श्रद्धा मला वादविवादापेक्षा चुलीपाशीच जास्त दिसते. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाला आपल्या पंगतीत बसवायचं, कोणाच्या लेकराला आपलं म्हणायचं, हे प्रश्न तिनं घरातच सोडवले.

शुभवर्तमानं तरी काय सांगतात? जन्माची रात्र सविस्तर आहे. मग बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात एकदा दिसतो, आणि त्यानंतर साधारण तिशीपर्यंत जवळजवळ काहीच नाही. नासरेथच्या त्या घरात रोज दळण झालं असेल, पाणी भरलं असेल, लाकूड तासलं असेल, कोणी आजारी पडलं असेल. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग असा बिननोंदीचा आहे. माझ्या कामाच्या नियमानं पाहिलं तर ती वर्षं झालीच नाहीत. पण मला वाटतं, देवानं माणसाच्या घरात राहून पाहिलं ते याच वर्षांत. या गावाचंही पाहा. बीथोव्हनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७०ला झाला याची चर्चच्या दप्तरात नोंद आहे, ते बाप्तिस्म्याचं कुंडही संत रेमिगियसच्या चर्चमध्ये आहे. जन्म कोणत्या दिवशी झाला हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. नाताळाच्या तोंडावर एका घरात कळा सुरू झाल्या, कोणीतरी पाणी तापवलं, कोणीतरी रात्र जागून काढली. ती नावं दप्तरात नाहीत, म्हणून त्या बायका तिथं नव्हत्या असं थोडंच आहे?

आमच्या मंडळीत डिसेंबरभर रोज संध्याकाळी सहाला एकेका घराची खिडकी उघडते. आगमनकाळाच्या कागदी कॅलेंडरला जशी दारं असतात, तशी इथं खरीखुरी घरं. त्या घरानं खिडकी सजवायची, तारखेचा आकडा लावायचा, शेजारीपाजारी बाहेर थंडीत उभे राहतात, दोन गाणी, एक वाचन, गरम चहा. पेला ज्याचा त्यानं घरून आणायचा. अर्ध्या तासात सगळे पांगतात. नगरला कॅरल पार्टी ढोलकी-पेटी घेऊन रात्रभर घरोघर फिरायची, टिळकांची भजनं म्हणायची आणि पहाटे कोणाच्या तरी ओट्यावर चहा-चिवड्यावर तुटून पडायची. इथं आवाज कमी आणि वेळ ठरलेली, पण घर उघडायचं ही रीत तीच.

आमची पाळी एका मंगळवारी आली. दुपारी दोनला पाळी संपवून मी घरी आले, करंज्यांचं सारण आदल्या रात्रीच भाजून ठेवलं होतं. खोबरं, खसखस, वेलची. नवऱ्यानं लाटल्या, मी भरल्या, थोरलीनं कडा कातल्या. खिडकीत काय करायचं हे धाकट्यानं ठरवलं होतं, गव्हाण. त्यानं शाळेत पाहिली होती ती लाकडी पट्ट्यांची, पायांची. मी त्याला नेवाशाच्या आजोळची गव्हाण सांगितली. गोठ्याच्या भिंतीलगत दगड-मातीची लांब, शेणानं सारवलेली, आणि बैलांच्या माना वर्षानुवर्षं घासून कड इतकी गुळगुळीत झालेली की आम्ही पोरं तिच्यावरून हात फिरवायचो. तळाशी कडब्याचा चुरा. मग त्यानं पुठ्ठ्यावर माती लिंपून तशी केली आणि कड बोटानं घासघासून चकचकीत केली.

बाहेर जमलेल्यांत आयफेलच्या डोंगरातल्या शेतकरी घरातल्या एक बाई होत्या. त्या खिडकीजवळ आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही दगडाचीच होती. हिवाळ्यात सकाळी त्यातलं पाणी गोठलेलं असायचं, बाबा आधी बर्फ फोडायचे.” मग गाईबैलांची नावं निघाली. माझ्या मामाचा सर्जा आणि त्यांची एक तपकिरी गाय, दोघांच्या खोड्या सांगून झाल्या. करंजी त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, खाल्ली, आणि जाताना कागदी रुमालात आणखी दोन बांधून घेतल्या. त्या रात्री थोरली टेबलाशी बसली आणि म्हणाली, “त्या बाईंच्या बाबांनी बर्फ फोडला, ते.” ना ओळख, ना पाळख, केव्हाच गेलेला माणूस. मी काही बोलले नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती पुन्हा “काही नाही” म्हणाली असती.

शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो. प्रवचनात बाकीच्या नऊ जणांना चांगलंच झोडपतात. पाळीवर काम करायला लागल्यापासून मला त्यांचा राग येत नाही. कित्येक वर्षं घराबाहेर काढलेली माणसं ती, बरी झाल्यावर पहिल्यांदा घराकडेच धावली असतील. येशूनं त्यांची चौकशी केली हे खरं, पण कोणाचं बरेपण परत घेतलं नाही. सकाळी ज्या माणसाला मी आंघोळ घालते तो मला शिव्या देतो, उद्याही घालायचीच असते. सेवा आभाराच्या बोलीवर होत नाही. आभार मानण्याचा फायदा त्या दहाव्याला झाला, कारण कोणी बरं केलं हे त्याला नीट बघायला मिळालं.

२४ तारखेच्या रकान्यात या वर्षी आधी माझं नाव होतं. दुपारी चर्चमध्ये मुलांचं येशूजन्माचं नाटक, आणि त्यात धाकटा मेंढरू. संवाद नाही, फक्त दोनदा ‘बें’ करायचं. माझी सीरियाहून आलेली सहकारी तक्त्यासमोर उभी होती, तिनं पेन काढलं, माझं नाव खोडलं, आपलं लिहिलं आणि म्हणाली, “ईदला तू माझी पाळी करतेस, ते मी विसरले नाही. पोराचा फोटो पाठव.” त्या रात्री आमच्या टेबलावर माझी गोष्ट ठरलेलीच होती. तिचं नाव घेताना मला वडिलांची ती यादी आठवली, वाणी, गिरणीवाला, पंक्चरवाला पोरगा.

२५ला सकाळी सहाला मात्र मी ड्यूटीवर आहे. पूर्वी याचं वाईट वाटायचं. पण नाताळाची पहिली बातमी मिळाली ती रात्रपाळीवरच्या माणसांना. मेंढपाळ रानात राखणीला होते. ते गव्हाणीपाशी जाऊन बाळाला बघून आले, आणि मग, लूक सांगतो, परत गेले, देवाची स्तुती करत. कुठं गेले असतील? मेंढरांकडेच. त्यांची नोकरी सुटली नाही, पगार वाढला नाही, सकाळी तीच मेंढरं मोजायची होती. फक्त आता काय बघायचं ते त्यांना कळलं होतं. एवढं कळलं तर सहाची पाळीही चालते. हात तेवढे आधी गरम पाण्याखाली धरायचे.